जोएत्सूला जायचंय? मग जोएत्सू शिंकान्सेन पकडू नका!

आधी हे लिहून घ्या: जोएत्सू शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन जपानमधल्या जोएत्सू शहराला जातच नाही, ती निइगाताला जाते. तिकीट काढून देणाऱ्याने मला तीच गाडी सांगितली आणि नाव बघून मीही निर्धास्त बसले. शेवटी एचिगो-युझावाला उतरून होकुहोकू लाईनची लोकल धरली. बोगद्यामागून बोगदा, नाओएत्सूला पुन्हा बदली, आणि होकुहोकूवर जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) चालत नाही म्हणून वेगळे पैसे. ताकादाला, म्हणजे जोएत्सूच्याच एका भागात, पोचेपर्यंत तिथल्या जुन्या थिएटरातला दुपारचा खेळ हुकला होता. अक्षरशः रडू येत होतं.

तुम्ही तोक्योहून होकुरिकू शिंकान्सेनची हाकुताका गाडी घ्या आणि जोएत्सूम्योकोला उतरा. कागायाकी नको, ती जोएत्सूम्योकोला थांबत नाही. तिथून लोकलने दुसरं स्टेशन ताकादा. ही लाईनही जेआरची नाही, सुटे येन जवळ ठेवा.

एवढा आटापिटा कशासाठी, तर ताकादा सेकाइकानसाठी. १९११ साली ताकादा-झा नावाचं नाटकघर म्हणून बांधलेली ही दुमजली लाकडी वास्तू. म्हणजे दादासाहेब फाळक्यांनी आपला पहिला चित्रपट दाखवला, त्याच्याही दोन वर्षं आधीची! १९१६ मध्ये तिथे कायमचा सिनेमा आला आणि सेकाइकान, म्हणजे 'जगाचं घर', हे नाव पडलं. पुढे मालक बदलले, नावं बदलली, शेवटची कित्येक वर्षं तर प्रौढांचे चित्रपट लावून दिवस काढले. त्यात २००७ चा भूकंप, वर गळकं छप्पर. थिएटर बंदच व्हायचं, पण गावातल्या लोकांनी संस्था काढून २००९ मध्ये ते हातात घेतलं. आपल्याकडची एकपडदा थिएटरं एकेक करून पडताना पाहिलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

संध्याकाळच्या खेळाला माडीवर बसले. पायाखाली फळ्या करकरत होत्या. दिवे मालवायच्या आधी मान वर करून छत बघा: मधोमध गोल नक्षी, भोवती लाकडी चौकटी. मी सिनेमा कमी आणि छतच जास्त पाहिलं. जपानी चित्रपटाला इंग्रजी सबटायटल्स मिळतील असं धरून चालू नका, आणि खेळांचं वेळापत्रक निघण्याआधीच बघा.

कासुगायामाचा किल्ला दुसऱ्या दिवशी केला. ठीक आहे, वेळ नसेल तर सोडा.

हिवाळ्यात जाणार असाल तर बर्फाचे बूट हवेतच. १९४५ मध्ये इथे ३७७ सेंटिमीटर बर्फ साचला होता. रस्त्याच्या मधून चालू नका, घरांपुढच्या पडव्यांखालून चाला. त्यांना गांगी म्हणतात, गावभर मिळून सुमारे १६ किलोमीटर आहेत.