पायलं कोनं?

आकाशदर्शनाला गावोगावी हाच प्रश्न येतो : "सर, दीर्घिका बनताना पायली कोनं? कॉम्प्युटरमधी तुमीच बनोता, अन् तुमीच म्हनता जमली." दीर्घिका म्हणजे असंख्य ताऱ्यांचा आणि वायूचा अफाट समूह; आपली आकाशगंगा त्यातलीच एक. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

पूर्वी मी म्हणायचो, पाहिलीय की! शेजारच्या देवयानी दीर्घिकेचा प्रकाश 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला, त्याहून दूरच्यांचा शेकडो कोटी वर्षांपूर्वीचा. हे उत्तर अर्धंच होतं. एकाच दिवशी शिवारात कुठं अंकुर, कुठं पात्या, कुठं फुटलेली बोंडं दिसावीत, तसं हे. झाड एकही वाढताना दिसत नाही. सांधा जुळवतं ते सिम्युलेशन, म्हणजे निसर्गाचे नियम घालून कॉम्प्युटरमध्ये चालवलेली नक्कल.

आणि ते आधी सपशेल फसलं होतं. 1990 च्या दशकात कॉम्प्युटरमध्ये कृष्णद्रव्याच्या (न दिसणाऱ्या, फक्त ओढीनं कळणाऱ्या पदार्थाच्या) गुरुत्वाकर्षणात वायू सोडला की तो भराभर थंड व्हायचा, लवकरच दाट गोळे बांधायचा. हे गोळे आपला कोनीय संवेग, म्हणजे गोल फिरण्याचा जोर, कृष्णद्रव्याला देऊन मध्यात घसरायचे. हाती यायच्या त्या गच्च, इवल्याशा तबकडीसारख्या दीर्घिका, आणि तारे भलतेच जास्त. अतिनवताऱ्यांची, म्हणजे स्फोट होऊन मरणाऱ्या ताऱ्यांची, ऊर्जा घालूनही फरक पडेना. कारण हिशेबातच होतं. साधारण 100 सूर्यांच्या वजनाइतके तारे घडले की एक स्फोट. पण कॉम्प्युटरमधला वायूचा एकेक कण लाखो सूर्यांच्या वजनाचा. ऊर्जा शेजारच्या अनेक कणांत वाटली की तापमान जेमतेम काही लाख अंश, आणि नेमका तिथंच वायू सगळ्यात झपाट्यानं उष्णता फेकतो. ओल्या कुटाराच्या ढिगात निखारा टाकल्यासारखं. खऱ्या स्फोटाचा बुडबुडा कोट्यवधी अंशांचा आणि विरळ असतो. तो थंड होण्याआधी फुगतो, वायू बाहेर ढकलतो.

2015 च्या 'ईगल' या सिम्युलेशननं ऊर्जा सगळ्यांना वाटलीच नाही. चिठ्ठी टाकल्यासारखे मोजकेच कण निवडून त्यांचं तापमान सुमारे 3 कोटी अंशांनी वाढवलं. एकूण ऊर्जेची सरासरी तीच राखली. खऱ्यासारख्या तबकड्या उभ्या राहिल्या.

इथं तुमचा संशय रास्त आहे, हे मला मान्य करावंच लागतं. स्फोटांचा किती जोर लावायचा हे आजच्या दीर्घिकांची संख्या आणि आकार बघूनच ठरवलं होतं. तेवढं जुळलं म्हणून पुरावा होत नाही. पण म्हणून ते नुसतं चित्रही नाही. परीक्षा होते ती ज्याला हात लावलेला नाही त्यावर. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं 2020 मध्ये 7653 दीर्घिकांचे क्षीण संकेत एकावर एक रचून सुमारे 800 कोटी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला. नवा वायू आला नाही, तर तो साठा 100-200 कोटी वर्षांत संपणारा निघाला. म्हणजे बाहेरून वायू येत राहायला हवा. किती, केव्हा, याचं उत्तर सिम्युलेशनला द्यावंच लागतं.

आणि अडतं तिथंच. 'ईगल' वायू तापवतं. 'इलस्ट्रिस टीएनजी' हे दुसरं सिम्युलेशन स्फोटांनी उडवलेल्या वायूचे, म्हणजे वाऱ्याचे, कण दाट भागातून बाहेर पडेपर्यंत आजूबाजूच्या वायूशी धडकूच देत नाही. दोन्हीकडच्या दीर्घिका आज बऱ्याच सारख्या दिसतात. त्यांच्या भोवतीचा वायू मात्र सारखा येत नाही. आणि तो वायू इतका विरळ आहे, की मोजायला बहुतेक वेळा मागून एखाद्या क्वेसारचा (खूप दूरच्या, अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्राचा) उजेड यावा लागतो, तोही दर दीर्घिकेला जेमतेम एकाच रेषेत.