चुंबक न होणारं प्रेसिओडिमियम

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी तीन आठवडे एक शिखर शोधत होते. प्रेसिओडिमियम हा दुर्मिळ मृदा धातू आणि निकेल यांचं संयुग, अणूंचं प्रमाण एकास पाच. विशिष्ट उष्म्याचा आलेख २ केल्विनपर्यंत उतरवला, पण चुंबकीय संक्रमणाची (पदार्थ थंड होता होता आपोआप चुंबक होतो त्याची) खूण, म्हणजे ते शिखर, कुठेच नाही. नमुना बिघडला, असंच वाटलं.

मग परत पहिल्यापासून. तेलातला प्रेसिओडिमियमचा तुकडा काढायचा, त्यावर धरलेले हिरवट पापुद्रे कानशीने घासायचे आणि हवा लागायच्या आत वजन करायचं. आर्क फर्नेसमध्ये आरगॉन भरून आधी टायटॅनियमचा गोळा वितळवायचा, म्हणजे उरलासुरला ऑक्सिजन तो पिऊन टाकतो. मग आपला माल. पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्यावर चमकदार बटण तयार होतं. ते उलटवून पुन्हा वितळवायचं, असं चार वेळा. दुसऱ्या बटणाचा आलेखही तसाच आला.

सरांनी दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले आणि विचारलं, "लॅन्थॅनमचं वजा केलंस का?"

लॅन्थॅनमला फोर-एफ इलेक्ट्रॉनच (या धातूंना चुंबकत्व देणारे आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन) नाहीत, त्यामुळे लॅन्थॅनम-निकेलचा आलेख म्हणजे नुसत्या जाळीचा आणि वहन-इलेक्ट्रॉनांचा हिशेब. तो वजा केल्यावर उरला एक रुंद, सावकाश चढून उतरणारा उंचवटा. शॉट्की उंचवटा, म्हणजे तापमान वाढताना इलेक्ट्रॉन तळाच्या ऊर्जापातळीवरून वरच्या पातळ्यांवर चढतात त्याची खूण! मी टोकदार शिखर शोधत होते आणि खरी गोष्ट या उंचवट्यात होती.

फोर-एफ इलेक्ट्रॉनांचा ढग गोल नसतो. प्रेसिओडिमियमचा चपटा, समेरियमचा लांबट. भोवतीच्या अणूंचं विद्युत क्षेत्र या ढगाला काही दिशा सोयीच्या करतं, काही अवघड. समेरियम-कोबाल्टचा चुंबक आपली दिशा इतक्या हट्टाने धरतो, तो याच कारणाने. मोकळ्या प्रेसिओडिमियम आयनाच्या नऊ पातळ्या एकाच ऊर्जेच्या असतात आणि त्याचं चुंबकीय आघूर्ण, म्हणजे चुंबकपणाचं माप, ३.५८ बोर मॅग्नेटॉन (अणूंच्या चुंबकत्वाचं एकक). या षट्कोनी स्फटिकात मात्र त्या नऊ जणी विखुरतात आणि तळाला एकच उरते. एकट्या पातळीला स्वतःचं आघूर्ण नसतं. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की वरच्या पातळ्या तिच्यात थोड्या मिसळतात आणि तेवढंच आघूर्ण जागं होतं. शेजारच्या आयनांची ओढ असते, पण पातळ्यांमधल्या दरीपुढे ती कमी पडते.

आवर्त सारणीत शेजारच्या घरातल्या निओडिमियमची गोष्ट वेगळी. त्याचे फोर-एफ इलेक्ट्रॉन तीन, म्हणजे विषम. विषम असले की स्फटिक क्षेत्राला, म्हणजे भोवतीच्या अणूंच्या त्या विद्युत क्षेत्राला, पातळ्यांची जोडी फोडताच येत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ क्रेमर्सने १९३० मध्ये दाखवलं. म्हणून निओडिमियम-निकेल ७ केल्विनच्या आसपास चुंबक होतं. १८८५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ आउअर फॉन वेल्सबाखने तोवर एकच मूलद्रव्य समजलं जाणारं 'डिडिमियम' फोडून ही दोन मूलद्रव्यं वेगळी केली, तेव्हा 'हिरवा जुळा' आणि 'नवा जुळा' अशी नावं दिली. एका इलेक्ट्रॉनाने जुळ्यांत एवढं अंतर पडावं, हे मला आजही सुंदर वाटतं.

प्रेसिओडिमियमचं अणुकेंद्रक मात्र गप्प नसतं. त्याचा स्पिन (ज्यामुळे केंद्रकही एक चिमुकला चुंबक असतं) ५/२. जागं झालेलं फोर-एफ आघूर्ण केंद्रकाशी बाहेरचं क्षेत्र दहा पटींहून जास्त वाढवून पोचवतं. म्हणूनच हे संयुग मिलिकेल्विनच्या खाली नेणाऱ्या शीतयंत्रांत वापरतात. तिथे ०.४ मिलिकेल्विनच्या सुमारास केंद्रकं शेवटी शिस्तीत उभी राहतात. मी शोधत होते ते संक्रमण आहे, माझं यंत्र जिथे थांबलं त्याच्या पाच हजार पट खाली.