खंडाळ्याचा मलिदा

यहुदी पंचांगातल्या शबात महिन्याची पौर्णिमा साधारण पौष-माघात येते. तिच्या अलीकडचा-पलीकडचा रविवार धरून आमचं मंडळ अलिबागजवळच्या खंडाळ्याला निघायचं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, पुढे एसटी. बायकांच्या मांडीवर पोह्यांचे डबे, प्रार्थना चालवणाऱ्या हाझानकाकांच्या पिशवीत प्रार्थनेची पुस्तकं आणि आम्हा पोरांचं लक्ष खजुराच्या पुड्यावर.

बाकीचे यहुदी हा दिवस झाडांचं नवं वर्ष म्हणून पाळतात. आम्हा बेने इस्राएलांकडे, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांकडे, तो एलियाहू हन्नाबीचा दिवस. अग्निरथातून स्वर्गात गेलेला हा नबी खंडाळ्याला प्रकटला आणि त्याच्या रथाच्या खुणा तिथल्या खडकावर उमटल्या, अशी आमची श्रद्धा. गावोगाव पांडवांच्या नाहीतर रामाच्या खुणा दाखवणाऱ्या मुलखात आमचा नबी तसाच कसा निघून जाईल! त्याला नवस बोलायचा आणि मलिदा करून फेडायचा.

मलिद्याचा ताबा आत्याकडे. पोहे धुऊन निथळायचे. गूळ, खवलेला नारळ, वेलची, बदाम-बेदाणे घालून हलक्या हाताने कालवायचे, गिचका होता कामा नये. ताटात पोह्यांचा ढीग, भोवती फळं, वर सब्जाची डहाळी. मग हाझानकाका एकेकाची बेराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणायचे. वासाची वेगळी, झाडाच्या फळाची वेगळी आणि केळ्याची जमिनीच्या पिकाची! वाडीत उभी केळ डोळ्यांसमोर असताना आम्हाला हे पटायचं नाही. काका म्हणायचे, ‘‘अरे, घड दिला की केळ मरते. ते कसलं झाड?’’ नियम शेकडो वर्षांचा, परदेशातला. पण कोकणातल्या कुणालाही पटेल असा.

मांस आणि दूध एकत्र चालत नाही, हाही असाच लांबून आलेला नियम. तो आमच्या बायकांनी नारळाच्या दुधावर निभावला. मटणाच्या जेवणानंतर गव्हाच्या चिकाचा हलवा बिनघोर खावा.

जेवण झालं की कीर्तन. पेटी, टाळ, साक्या, दिंड्या. आख्यान मात्र योसेफाचं नाहीतर मोशेचं. आमच्यात ही कीर्तनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. योसेफाला भाऊ विहिरीत ढकलतात तिथे आजी दरवर्षी डोळ्यांना पदर लावायची, आणि दरवर्षी त्या भावांना त्याच शेलक्या शिव्या द्यायची.

आमचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं सांगतात. घाणा चालवून पोट भरलं, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणू लागले. पोथ्या गेल्या, प्रार्थनांतली ‘शेमा’ तेवढी तोंडात राहिली, आणि सणांची नावंही इथलीच झाली. ज्या दिवशी बिरड्या खायच्या, तो बिरड्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा तो दिवस, आणि ताटात सोललेले वाल! यात धर्म पातळ झाला असं मला कधी वाटलं नाही. पुस्तकं नसताना सण टिकले ते चुलीमुळे.

एका वर्षी बाहेरून आलेले एक विद्वान पाहुणे म्हणाले, ‘‘हा विधी आमच्याकडे नाही.’’ आत्या म्हणाली, ‘‘नसेल. पोहे तरी कुठे आहेत तुमच्याकडे?’’ आणि त्यांच्या पानात आणखी एक मूठ वाढली.

आता मंडळातली निम्मी माणसं इस्राएलात. तिकडेही मलिदा होतो. पोहे मिळतात, खजूर तर उत्तमच. फोनवर भांडण एकाच गोष्टीवरून होतं: तिकडच्या सुना त्यात जायफळ घालतात, आणि आत्याला ते अजिबात मंजूर नाही.