डाव्या डोळ्यावर उतरलेला पडदा

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका शुक्रवारी सकाळी, गोव्यातल्या म्हार्दोळच्या घरी सोप्यावर बसून वर्तमानपत्र वाचत असताना, माझ्या डाव्या डोळ्यासमोर राखाडी रंगाचा पडदा वरून खाली उतरला. हे मी अलंकारिक भाषेत सांगत नाही. गावच्या जत्रेतल्या नाटकांचा पडदा मी तीस-बत्तीस वर्षे ओढला आहे. तो कसा उतरतो, हे माझ्या हातांना ठाऊक आहे. डावा डोळा झाकला की उजव्याने मथळे स्वच्छ दिसत होते. उजवा झाकला की पानाचा आधी वरचा भाग नाहीसा झालेला, मग मधला, मग सगळेच पान. दुखले मात्र काहीच नाही. चार-पाच मिनिटांनी पडदा आला तसा वर गेला आणि राहिलेली बातमी मी वाचून संपवली.

दुखले नाही आणि आपोआप बरे झाले, अशा गोष्टीचे नेमके काय करायचे असते, हे मला तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते. मी ६६ वर्षांचा, खाणकंपनीतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेला, बारा वर्षांचा मधुमेही आणि पन्नाशीपर्यंत दिवसाला दहा सिगारेटी ओढलेला माणूस. म्हणजे काळजी करायला कारणे भरपूर होती. तरीही पत्नीने आग्रह धरला नसता तर मी त्या संध्याकाळी जवळच्या एका छोट्या रुग्णालयातही गेलो नसतो. तिथे रक्तदाब, साखर आणि ईसीजी पाहून सर्व ठीक असल्याचे सांगण्यात आले, कागदावर ‘डोळ्यांची तक्रार’ असे लिहून थेंब दिले गेले आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा, असा सल्ला मिळाला. त्या कागदावरच्या दोन शब्दांनी पुढे आमचा दीड दिवस खाल्ला, तो प्रकार नंतर येईलच.

सोमवारी फोंड्याला नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेलो तो नव्या चष्म्यासाठीच. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “पडदा वरून आला की बाजूने? आणि एकाच डोळ्याला?” माझे उत्तर ऐकून त्यांनी चष्म्याचा विषय बाजूला ठेवला, बाहुली मोठी करणारे थेंब घातले आणि बराच वेळ आत पाहत राहिल्या. दृष्टिपटलावरच्या एका बारीक धमनीला जिथे फाटा फुटतो, तिथे त्यांना एक चकाकणारा पिवळा कण अडकलेला दिसला. तो कोलेस्टेरॉलचा होता आणि तो डोळ्यात तयार होत नाही, खालून वाहत येतो, असे त्या म्हणाल्या. मग एखाद्या डोळ्याच्या डॉक्टरने कधी केलेले मी पाहिले नव्हते ते त्यांनी केले: स्टेथोस्कोप काढून माझ्या मानेच्या डाव्या बाजूला लावला. “काका, आज घरी जायचे नाही. इथूनच मोठ्या रुग्णालयात जायचे,” एवढेच त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहून दिली. बाणस्तारीचा पूल ओलांडेपर्यंत मुलगा गाडीत एक शब्द बोलला नाही.

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्यांपैकी डावी माझी अरुंद झाली होती. जबड्याच्या कोनाखाली या धमनीला दोन फाटे फुटतात आणि चरबीचा थर साचायला ती जागा फार सोयीची असते. मेंदूकडे जाणाऱ्या आतल्या फाट्याची पहिली मोठी शाखा डोळ्याला जाते. म्हणूनच मेंदूवरचे संकट कधीकधी आपली पहिली चिठ्ठी डोळ्याच्या पत्त्यावर पाठवते. धमनीतला रक्तप्रवाह ध्वनिलहरींनी पाहणारी डॉप्लर तपासणी करताना तंत्रज्ञाने यंत्राचा आवाज मोठा केला, तेव्हा उजव्या बाजूला ‘धप्प, धप्प’ असा ठोका ऐकू आला, तर डाव्या बाजूला नळाच्या पाइपावर अंगठा दाबून धरल्यावर येते तशी चिरकी सूंऽऽ. पुढच्या सीटी अँजिओग्राफीत ती धमनी ८० टक्क्यांहून अधिक बंद असल्याचे निघाले. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या भागात तांदळाच्या कणीएवढे दोन ताजे ठिपके दिसले, ज्यांची मला कसलीच जाणीव नव्हती.

त्याच रात्री वॉर्डात पेला उचलताना उजवा हात मऊ पडला. पाणी सांडले आणि परिचारिकेला हाक मारायला गेलो तर तोंडातून जे निघाले ते ना कोकणी होते ना मराठी. आमच्या घरी बोलणे कोकणीत आणि लिहिणे मराठीत चालते; त्या दहा मिनिटांत दोन्ही गेल्या. परिचारिकेने सर्वांत आधी भिंतीवरच्या घड्याळात पाहून वेळ लिहिली आणि मग डॉक्टरांना फोन केला. तिच्या त्या क्रमाचा अर्थ मला नंतर कळला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते. मोठी धमनी बंद झाली असेल तर जांघेतून नळी नेऊन गुठळी ओढून काढता येते, तीही सामान्यतः सहा तासांच्या आत आणि निवडक रुग्णांत स्कॅन पाहून २४ तासांपर्यंत. म्हणजे सगळा हिशेब ‘माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला’ या एका नोंदीवर चालतो. माझ्या शेजारच्या खाटेवर सत्तरीतले एक गृहस्थ होते, ज्यांच्या अंगावरून वारे गेले तेव्हा घरच्यांनी आधी दोन दिवस तेल चोळले होते. त्यांच्याबाबतीत ती नोंद कोणाकडेच नव्हती. १०८ ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी, आमच्याकडे म्हणजे पहिल्यांदा बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातच, थेट जायचे असते, हे त्यांच्या मुलाला कळले तेव्हा तो कितीतरी वेळ खिडकीशी उभा होता.

माझा हात परत आला, बोलणेही आले. गुठळी होऊ न देणाऱ्या ॲस्पिरिनच्या जोडीला त्याच कामाच्या क्लोपिडोग्रेलचा मोठा पहिला डोस आणि कोलेस्टेरॉलची जास्त ताकदीची गोळी सुरू झाली. अशा निसटत्या झटक्याला टीआयए म्हणतात, आणि त्यानंतर खऱ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो, त्यामुळे धमनी मोकळी करायची तर ती दोन आठवड्यांच्या आत, असे मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितले. आता प्रश्न उरला तो मार्गाचा.

हृदयात स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवलेले चार-पाच जण आमच्या एकट्या वाड्यावर आहेत, त्यामुळे मानेतही स्टेंटच घालायचा असणार, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात मानेच्या धमनीसाठी जुना आणि भरवशाचा मार्ग शस्त्रक्रियेचा आहे: मान उघडायची, धमनी चिरायची, आतला थर खरवडून काढायचा आणि ती पुन्हा शिवायची. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या नॅसेट या चाचणीत, लक्षणे दिसलेल्या आणि ७० टक्क्यांहून अधिक अरुंद धमनी असलेल्या रुग्णांपैकी फक्त औषधांवर ठेवलेल्या २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला, तर शस्त्रक्रिया केलेल्यांत तो ९ टक्क्यांना झाला. त्या काळी आजची औषधे सर्रास दिली जात नव्हती, म्हणून ते आकडे आज जसेच्या तसे लावू नका, हेही डॉक्टरांनी आपणहून सांगितले. स्टेंट आणि शस्त्रक्रिया यांची २,५०२ रुग्णांवर तुलना करणारी क्रेस्ट ही चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तीत उपचाराच्या आगेमागे पक्षाघात होण्याचे प्रमाण स्टेंटमध्ये ४.१ टक्के आणि शस्त्रक्रियेत २.३ टक्के होते. हृदयविकाराच्या झटक्याचे नेमके उलट, स्टेंटमध्ये १.१ आणि शस्त्रक्रियेत २.३. सत्तरीपुढे शस्त्रक्रियेचे पारडे जड होते, त्याआधी दोन्ही जवळपास सारखी. शंभरात चार की शंभरात दोन, हा फरक ताळेबंदात मी ‘किरकोळ’ या सदरात टाकला असता. पण त्या रात्री तो मला किरकोळ वाटला नाही आणि मी शस्त्रक्रिया मागितली.

ती मिळाली नाही, कारण माझ्या धमनीतला थर जबड्याच्या हाडामागे फार वरपर्यंत गेला होता आणि तिथे सुरी नीट पोहोचत नाही, असे रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांनी स्कॅनवर बोट ठेवून दाखवले. म्हणून शेवटी स्टेंटच ठरला. ज्याच्या हाती शस्त्र आहे त्यानेच ‘हे माझे काम नव्हे’ म्हणावे, याचा मला त्या सगळ्या गोंधळात फार आधार वाटला.

मग विमा कंपनीचे पत्र आले. रुग्णाची मूळ तक्रार डोळ्यांची असताना मानेत स्टेंट कशासाठी, याचा खुलासा त्यांनी मागितला होता! पहिल्या दिवशीच्या कागदावरचे ते दोन शब्द इथे उगवले. डोळ्याची धमनी मानेतल्या धमनीची शाखा आहे, हे शालेय पुस्तकातले वाटावे असे वाक्य डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी लिहून पाठवावे लागले आणि त्यात दीड दिवस गेला. दरम्यान खर्चाचा अंदाजही हातात आला, ज्यात स्टेंट वेगळा आणि सुटणारा कचरा अडवणारी गाळणी वेगळी लावली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातल्याची बातमी मला पक्की आठवत होती आणि तीच मी काउंटरवर ऐकवली. ती मर्यादा हृदयाच्या स्टेंटांना आहे, मानेच्या नव्हे, हे तिथल्या मुलीने मला शांतपणे समजावून दिले. हे दोन स्टेंट मुळातच निराळे असतात. हृदयाचा फुग्यावर बसवून फुलवतात. मान मात्र सतत वळते आणि बाहेरून दाबलीही जाते, म्हणून तिच्यातली जाळी दबली तरी पुन्हा आपोआप उघडणाऱ्या नायटिनॉल या मिश्रधातूची करतात.

सहाव्या दिवशी सकाळी मला कॅथलॅबमध्ये, म्हणजे धमनीत नळी घालून उपचार करतात त्या खोलीत, नेले. भूल फक्त उजव्या जांघेपुरती होती, कारण मेंदूचे काम चालू आहे की नाही हे कळायला रुग्ण जागा असावा लागतो. माझ्या उजव्या हातात एक रबरी बदक देऊन सांगितलेले की ‘दाबा’ म्हटले की दाबायचे. बदकाची चूं ऐकू आली की डाव्या मेंदूला रक्त पोहोचते आहे, असा त्याचा अर्थ. बोलणे तपासण्यासाठी काहीतरी सलग म्हणत राहा, असे सांगितल्यावर मला सतराच्या पाढ्याशिवाय दुसरे काही सुचले नाही. रंगद्रव्य सोडले की गाल, कान आणि दातांच्या मुळांतून गरम लाट जाई, बाकी नळी छातीतून मानेपर्यंत चढल्याचे मुळीच कळले नाही. अरुंद जागेच्या पलीकडे त्यांनी आधी एक इवलीशी जाळीची छत्री उघडली, जेणेकरून फुगा फुगवताना सुटणारा कचरा मेंदूत जाण्याआधी अडेल. मी ‘सतरा पंचे पंच्याऐंशी’ला पोहोचलो तेव्हा फुगा फुगला आणि मानेत आतून कोणी अंगठा रोवल्यासारखे वाटले.

मॉनिटरची टिकटिक एकदम लांबली. धमनीला जिथे फाटा फुटतो तिथेच रक्तदाब मोजणारे मज्जातंतू असतात. आतून दाब पडला की दाब वाढल्याचा त्यांचा समज होतो आणि ते हृदयाला थांबायला सांगतात. “खोका, काका, जोरात खोका!” डॉक्टर म्हणाले. मी खोकलो. त्याच वेळी शिरेतून ठोके वाढवणारे ॲट्रोपिन गेले असावे, कारण क्षणात तोंडाला कोरड पडली आणि ठोके परत आले. पाढा कुठे सोडला होता ते मला आठवत नव्हते, आणि ते भीतीमुळे की मेंदूमुळे, या शंकेने जे काही झाले ते शब्दांत सांगता येणार नाही. “बदक!” असा आवाज आला. मी दाबले. चूं झाली.

शेवटी छत्री मिटून बाहेर काढली आणि गॉजच्या पांढऱ्या तुकड्यावर झटकून मला दाखवली. रव्याएवढे पाच-सहा पिवळसर कण होते. ज्यातला एक माझ्या डोळ्यात बसला होता, त्याच घराण्यातले.

पुढचे दोन दिवस फारसे सांगण्यासारखे नाहीत. सहा तास पाय सरळ ठेवणे, रक्तदाब ९० च्या घरात रेंगाळणे (ते मज्जातंतू अजून दबलेलेच होते), पेज आणि मुगाची उसळ. एका बाजूला जबर डोकेदुखी सुरू झाली तर लगेच सांगा, असे दर पाळीची परिचारिका बजावून जाई, कारण इतके दिवस उपाशी असलेल्या मेंदूला अचानक पूर्ण धारेने रक्त मिळाले की कधीकधी तो सुजतो किंवा त्यात रक्तस्राव होतो. मला तसे झाले नाही. दोन्ही गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल ठरावीक मुदतीनंतर थांबली, ॲस्पिरिन कायमची आहे. दाढ काढायची वेळ आली तेव्हाही ती मनाने बंद न करता मी आधी फोन करून विचारले. पेजेबरोबरचे खारे सुके मासे मात्र कायमचे गेले, आणि या एका गोष्टीबद्दल मी अजून कुरकुरतो.

सहा महिन्यांनी डॉप्लरला गेलो तेव्हा मीच तंत्रज्ञाला आवाज मोठा करायला सांगितले. डाव्या बाजूची सूं गेली होती, तिथे आता ‘धप्प, धप्प’ होते. उजव्या बाजूला ४० टक्के अडथळा आहे, ज्याला सध्या फक्त औषधे आणि वर्षाला एक तपासणी पुरेशी आहे. पुढची तारीख चवथीनंतरची मिळाली आहे.