व्हॅन, मेंढ्या आणि सामाईक सातबारा

रविवार, रात्र

संपली एकदाची. जेनी कोलगनची कादंबरी, 'द लिटल शॉप ऑफ हॅपी एव्हर आफ्टर'. २०१६ ची आहे म्हणजे तशी जुनीच, अमेरिकेत ती 'द बुकशॉप ऑन द कॉर्नर' नावाने निघाली आणि गंमत म्हणजे अख्ख्या पुस्तकात कॉर्नरवर दुकानच नाही, दुकान म्हणजे एक जुनी व्हॅन आहे जी स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलंड्सभर फिरते. असो.

नीना नावाची बर्मिंगहॅमची लायब्ररियन, लाजाळू, पुस्तकात डोकं खुपसून बसणारी. तिची लायब्ररी बंद होते, नोकरी जाते, घरात एवढी पुस्तकं साठवलीयेत की तिची रूममेट सुरिंदर (हिला मी पूर्णपणे सपोर्ट करते) म्हणते आता बास, ही हलव. मग नीना स्कॉटलंडमधल्या किरिनफीफ नावाच्या गावी जाऊन व्हॅन विकत घेते, त्यात पुस्तकं भरते आणि गावोगाव विकत सुटते. एक लाटव्हियन मालगाडी ड्रायव्हर आहे, एक खडूस मेंढीवाला शेतकरी आहे. शेवटी कुणाशी जमणार हे साधारण शंभराव्या पानाला कळतं आणि तरी आपण वाचत राहतो, कारण या पुस्तकांत काय होणार यापेक्षा निवांत कसं होणार तेच वाचायचं असतं.

लायब्ररीचं प्रकरण मात्र कोलगनने हवेतून काढलेलं नाही. बर्मिंगहॅमने २०१३ मध्ये जवळपास १९ कोटी पौंड खर्चून शहराच्या मध्यात भलीमोठी नवी लायब्ररी बांधली, मलाला युसुफझाईच्या हस्ते उद्घाटन वगैरे, आणि २०१५ मध्ये पैसे नाहीत म्हणून ती उघडी ठेवायचे तास आठवड्याला ७३ वरून थेट ४० वर आणले. हे माहीत असलं की नीनाचा सुरुवातीचा रडवेलेपणा नाटकी वाटत नाही.

मला सगळ्यात आवडलं ते प्रेम नाही, पुस्तकांची ने-आण. म्हणजे बर्मिंगहॅमहून एवढी खोकी वर स्कॉटलंडला कशी नेणार, तर रात्रीच्या मालगाडीतून, गाडी लेव्हल क्रॉसिंगला थांबते आणि खोकी उतरवतात. नियमात बसणारं नाही, पण वाचताना इतकं भारी वाटतं. आणि मेंढीचं बाळंतपण, जिथे या शहरी बाईला हात घालावाच लागतो. असं काम आलं की कथेत जीव येतो, नाहीतर नुसतंच सूर्यास्त आणि स्कोन्स.

पण मला खरा अडखळा आला तो घरापाशी. नीनाला त्या शेतकऱ्याचं धान्याचं कोठार भाड्याने मिळतं, आतून एकदम मस्त रेनोव्हेट केलेलं. आणि कुणी काही विचारत नाही हो! डिपॉझिट किती, लग्न झालंय का, एकट्याच का, नॉनव्हेज खाता का, मिस्टर कधी येणार. काहीच नाही. मी तिथे पुस्तक खाली ठेवून चहा करायला गेले. खऱ्या हायलंड्समध्येही घर मिळणं आता सोपं राहिलेलं नाही म्हणा, सुट्टीपुरती उघडणारी घरं तिथेही इतकी झालीत की २०२४ च्या एप्रिलपासून स्कॉटलंडमधल्या कौन्सिलना (म्हणजे तिथल्या नगरपालिकांना) सेकंड होमवर दुप्पट कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टी, लावायची मुभा दिलीये. हे वाचलं आणि मला थेट आमचं कोकण दिसलं, गणपती आणि शिमग्याला उघडणारी आणि एरवी कुलूप.

मग डोक्यात किडा वळवळायला लागला की ही नीना आपल्याकडे आली असती तर. शेतजमीन घेऊन मेंढ्या पाळायचं डोक्यात आलं तर पहिला प्रश्न, शेतकरी दाखला आहे का? कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे कथेचं पहिलं प्रकरण तलाठी ऑफिसात, दुसरं प्रकरण तहसीलात, आणि खडूस पण मनाने चांगला असा हिरो प्रांत ऑफिसच्या बाहेर झेरॉक्सच्या लायनीत भेटणार.

आणि आमच्याकडे एक खरी नीना आहेच, आमची आत्या. ठाण्यात बँकेत नोकरी केली, लग्न केलं नाही, रिटायर झाली आणि सगळ्यांना वाटलं आता ही देवदेव करणार, तर ही लांज्याच्या पुढे आमच्या गावच्या घरी जाऊन राहिली. एकटी. असल्या निवांत, उबदार 'कोझी' कादंबरीला लागतं ते सगळं तिथे आहे, चिऱ्याचं घर, कौलं, मागे रातांबे, समोर पार. नाही आहे ते फक्त एक, सातबारा कोरा नाहीये. सामाईक आहे. त्यावर माझे वडील, आत्या, दोन चुलत काका, एक वारलेला काका आणि त्याचे वारस, झालंच तर बडोद्याला दिलेल्या एका आजेआत्याची मुलं ज्यांना आम्ही कुणी पाहिलेलंही नाही. आत्याने पहिल्या मे महिन्यात शाकारणी काढली, वानरांनी नुसता चुराडा केला होता कौलांचा, तर मुंबईहून फोन, कुणाला विचारून हात लावलास? तिने सांगितलं, पावसाला विचारलं. तो काका नंतर वर्षभर बोलला नाही. अर्धी कौलं बदलण्याचे पैसे अजून कुणी दिलेले नाहीत, हिशोबाची वही तिने जपून ठेवलीये आणि गणपतीत सगळे जमले की ती मुद्दाम कपाटावर दिसेल अशी ठेवते.

म्हणजे फरक असा की नीना गावात जाते तेव्हा तिला कुणीही ओळखत नाही, आणि माझ्या मते त्या पुस्तकातला खरा रोमान्स तोच आहे. मेंढीवाला नंतर येतो. कुणाची मुलगी, कुणाची सून, कुठल्या वाडीतली, हे न विचारता लोक तिच्या व्हॅनसमोर उभे राहतात. आत्या गावात गेली तेव्हा तिच्याआधी तिथे तिचे आजोबा, पणजोबा, बांधावरून झालेलं १९७० च्या आसपासचं भांडण आणि पालखी आधी कुणाच्या दारात थांबायची तो मान, सगळं जाऊन बसलेलं होतं. तिला नव्याने सुरुवात करायला मिळालीच नाही, जुनं जिथे थांबलं होतं तिथून पुढे ओढायला लागलं. आणि आपल्याकडच्या बहुतेक बायका तसंही अनोळखी गावात नव्याने सुरुवात करतातच की, लग्न करून, फक्त त्याला कुणी कोझी म्हणत नाही.

तरी हे पुस्तक मी आत्याला देणार आहे. मागे आम्ही भिलारला गेलो होतो, ते पाचगणीजवळचं पुस्तकांचं गाव, २०१७ मध्ये सुरू झालेलं, लोकांच्या घरात कपाटं आणि बाहेर स्ट्रॉबेरी, तेव्हापासून तिच्या डोक्यात पडवीत लायब्ररी काढायचं आहे. फोनवर मी तिला सगळी स्टोरी सांगितली, व्हॅन, मालगाडी, मेंढ्या, शेतकरी. ती शांतपणे ऐकत होती, मधेच कुणाला तरी रातांबे उन्हातून काढायला सांगितले, मग म्हणाली, "ते सगळं ठीक आहे गो, पण त्या व्हॅनमध्ये डिझेल कोण भरतं? आणि पुस्तकं उधारीवर मागितली तर ती काय करते?"

पहिल्याचं मी काहीतरी सांगितलं. उधारीचं पुस्तकात कुठे आहे ते शोधायला उद्या परत चाळणार आहे, कारण तिला पडवीसाठी ते माहीत हवंय.