डायल ऑटोवरून हलवा की राव

कॅमेरा घेतल्यावर पहिले सहा महिने मी मोड निवडायचा डायल ऑटोवरून हलवलाच नाही, भीतीच वाटायची, आणि मग पळणारी पोरं फोटोत धूसर आली की लेन्सला शिव्या घालायच्या. चूक होती शटर स्पीडची, म्हणजे फोटो घेताना शटर किती वेळ उघडं राहतं त्याची. आता पळणारं काही असलं की डायल शटर प्रायॉरिटीवर, म्हणजे निकॉनवर एस आणि कॅननवर टीव्ही, लावतो, १/५०० सेकंद ठेवतो, अ‍ॅपर्चरचं, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत सोडणाऱ्या भोकाचं, कॅमेरा बघून घेतो. चेहऱ्यामागचं धूसर हवं असेल तर ए किंवा एव्ही, म्हणजे अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, आणि एफ २.८ सारखा छोटा आकडा. छोटा आकडा म्हणजे मोठं भोक, हे उलटं गणित डोक्यात बसायला मला जाम वेळ लागला! मॅन्युअलची, म्हणजे दोन्ही आपणच ठरवायची, घाई नको.

बाकी पट्टा गळ्यात घालाच, मी एकदा दोनच मिनिटं म्हणून घातला नव्हता, पुढचं विचारू नका. लेन्स बदलताना कॅमेरा बंद आणि तोंड खाली, फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर धूळ कमी बसते. दिवा लुकलुकत असताना कार्ड काढायचं नाही, फोटो जाऊ शकतात. एसीतून दमट हवेत आलात तर कॅमेरा थोडा वेळ बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर वाफ धरते. आणि डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, सूर्याकडे अजिबात बघू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.