थांबायला किती दोर लागतो

पुण्याला समुद्र नाही, ही गोष्ट पुणेकरांनी कधी मनावर घेतलेली नाही. नदी आहे, पण ती पावसाळ्यात विसर्ग किती क्युसेकने वाढवला हे पुलावर उभं राहून पाहण्यापुरती. बोट क्लब आहे, त्याच्या नावाचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर बोट सोडून बाकी सगळं दिसतं. सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेची मुलं रेगाटाच्या, म्हणजे नौकाउत्सवाच्या, दिवसांत वल्ही मारतात, खडकवासल्याला एनडीएच्या पीकॉक बेमध्ये कॅडेट शिडं उभारतात. एवढ्या भांडवलावर आमच्यातल्या काहींना शिडाच्या बोटीचं वेड लागतं. माझा एक कोथरूडचा मित्र त्यांतला. त्याच्याकडे छोटी शिडाची बोट आहे. तिच्यात दोघं झोपतात आणि तिसरा वाद घालतो. बोट अर्थात कोथरूडला नसते. हंगाम सुरू झाला की ती रेवदंड्याच्या खाडीत असते आणि आम्ही ताम्हिणी उतरून तिच्याकडे जातो.

रेवदंड्याला आपण परके नाही, असं मित्राचं म्हणणं आहे आणि त्याला आधार आहे. मुळा नदी मुळशीला अडवली आणि तिथलं पाणी पूर्वेला न सोडता सह्याद्री उतरवून भिऱ्याच्या वीजघरात नेलं. १९२७ पासून हे चालू आहे. वीज करून झाली की ते पाणी कुंडलिकेत पडतं. पुण्याची मंडळी कोलाडला ज्या पाण्यावर राफ्टिंग करतात, ते हेच. पुढे डोळवहाळच्या बंधाऱ्यात काही शेतीला आणि कारखान्यांना वळतं, उरलेलं रेवदंड्याला समुद्राला मिळतं. एरवी हे पाणी मुळा-मुठा, भीमा, कृष्णा अशी लांबची यात्रा करून बंगालच्या उपसागरात गेलं असतं. त्या धरणासाठी मावळातली गावं बुडाली आणि १९२१ मध्ये सेनापती बापट सत्याग्रहाला उभे राहिले, हेही त्या पाण्यावर तरंगताना आठवतं. पण मित्र हे सगळं इतिहासासाठी सांगत नाही. आपण आपल्याच नदीवर बोट लावतो आहोत, असं त्याला सिद्ध करायचं असतं.

तर, बोट लावणं.

बोट चालवण्याविषयी लोक उत्साहाने विचारतात. वारा नसेल तर काय, उलटली तर काय, उलटी झाली तर काय. थांबवता कशी, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. जमिनीवर थांबणं म्हणजे काही न करणं, त्यामुळे त्यात विचारण्यासारखं कुणाला वाटत नसावं. पाण्यावर थांबणं हे काम आहे आणि ते रात्रभर चालतं.

आधी जागा. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी दक्षिणेला कोरलईचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. त्याच्या पाठीवर पोर्तुगीजांचा किल्ला, पायथ्याच्या गावात पोर्तुगीजमिश्रित बोली अजून बोलणारी माणसं. हा डोंगर नैर्ऋत्येकडची लाट अंगावर घेतो. दुपारचा खारा वारा मात्र बहुधा वायव्येकडून येतो आणि खाडीच्या तोंडातून आत घुसतो, म्हणून आणखी आत सरकायचं. फार आत गेलं की साळावचा पूल. डोलकाठीवाल्याने त्याच्या अलीकडेच राहावं. मधे साळावच्या जेट्टीकडे जाणाऱ्या बार्जांची वाट, ती सोडायची. कोळ्यांच्या डोल जाळ्यांचे, म्हणजे पाण्यात बांधून ठेवलेल्या जाळ्यांचे, खुंट, ते तर लांबूनच सोडायचे. आणि ओहोटीला बोटीचं पोट टेकेल इतकं काठाशी जायचं नाही. हे सगळं वगळल्यावर जो तुकडा उरतो, तो आपला. इथल्याच चौलच्या बंदराला हजारो वर्षं गलबतं येत आली. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौललाच उतरला आणि पावसाळा काढायला आमच्या जुन्नरला गेला. त्याच्या जहाजाच्या तांडेलाने, म्हणजे खलाशांच्या म्होरक्यानेही, असाच कुठला तरी तुकडा शोधला असणार.

मग वेळ. कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळ नंतर लागतं, आधी तिथी. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहा. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशीर करतो, त्याचा हा हिशेब. पुण्यात भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टी बघतात ती उपासासाठी आणि चंद्रोदयाच्या वेळेसाठी. त्याच चौकोनात भरतीही लिहिलेली आहे, हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळलं. लहानपणी ज्या पाऊणकीने रडवलं, ती अशी एका खाडीत उपयोगाला येईल हे मास्तरांनी सांगितलं असतं तर पाठ झाली असती.

भरतीचा संबंध नांगराच्या दोराशी आहे. नांगर आपल्या वजनाने बोट धरून ठेवतो, असा सार्वत्रिक समज असतो. छोट्या बोटीचा नांगर दहा-पंधरा किलोचा; बोट दोन-तीन टनांची. वजनाचा सामनाच नाही. नांगर धरतो तो तळात घुसून, आणि घुसतो तो आडवा ओढला तरच. वर ओढला की निघून येतो. म्हणून ओढ जमिनीसरशी ठेवायची, आणि ती ठेवायला लांबी लागते. ओहोटीला खाली तीन मीटर पाणी आहे. उधाणाची भरती त्यात आणखी तीन-साडेतीन घालणार. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून मीटरभर उंच. झाले साडेसात. नुसती साखळी असेल तर याच्या चौपट-पाचपट सोडायची; साखळीचा एक तुकडा आणि पुढे दोर असेल तर सातपट. म्हणजे तीन मीटर पाण्यात पन्नास मीटरांहून जास्त दोर. ओहोटीच्या वेळी आलेला नवखा माणूस समोरच्या पाण्याकडे बघून वीस मीटर सोडतो आणि चहा करायला आत जातो. त्याची बोट मध्यरात्री भरतीबरोबर निघते.

साखळीचं काम मला फार आवडतं. ती जड असते म्हणून तळाशी लोळते. वाऱ्याचा झोत आला की बोट मागे सरते, साखळीचा झोल हळूहळू उचलला जातो आणि धक्का त्यातच जिरतो. झोत गेला की साखळी पुन्हा खाली निजते. नांगराला खाली काही पत्ताही लागत नाही.

जी. आय. टेलर नावाचा केंब्रिजचा एक मोठा भौतिकशास्त्रज्ञ होता. द्रवांचं वाहणं, त्यातली खळबळ हा त्याचा विषय. त्याला शिडाच्या बोटीचा नाद होता आणि जुने अवजड नांगर नाळीवर ओढत बसायचा कंटाळा. त्याने १९३३ मध्ये फाळाच्या आकाराचा एक नांगर काढला: वजनाने हलका, ओढला की स्वतःच आडवा होऊन खोल जाणारा. जगभरच्या छोट्या बोटींनी तो वर्षानुवर्षं वापरला. इतक्या मोठ्या माणसाने असल्या घरगुती त्रासावर डोकं चालवलं, याचं मला कौतुक वाटतं. आपल्याकडे असा माणूस कुठल्यातरी समितीवर गेला असता. आपल्या किनाऱ्यावर त्याआधी शतकानुशतकं दगडाचे नांगर होते. विजयदुर्ग-सिंधुदुर्गच्या पाण्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना ते सापडले आहेत. आणि आजचे कोळी लोखंडी सळया वाकवून केलेला चार आकड्यांचा नांगर टाकतात. शेजारच्या होडीवरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने आमचा चकचकीत नांगर उचलून, फिरवून पाहिला.

“केवढ्याला घेतलात, काका?”

मित्राने आकडा सांगितला. तांडेलाने तो खाली ठेवला आणि काहीच बोलला नाही. पुण्यात एवढ्या अपमानाला चार ओळींची पाटी लागली असती.

टाकायची रीत अशी, की बोट वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या तोंडाशी नेऊन थांबवायची, नांगर सोडायचा, फेकायचा नाही. फेकणं सिनेमात. बोट आपोआप मागे सरते तसतसा दोर द्यायचा. शेवटी इंजिन उलटं लावून हळूहळू ओढायचं आणि साखळीवर तळवा ठेवायचा. नांगर घसरत असेल तर खालची थरथर हाताला कळते. धरला असेल तर दोर ताठ होऊन गप्प बसतो. खाडीतला चिखल या बाबतीत उदार आहे, खडक कंजूष. पूर्वी शिशाच्या वजनाला खालून मेण किंवा चरबी फासून दोरी सोडत. खोली कळायचीच, शिवाय चरबीला काय चिकटून येतं त्यावरून तळही कळायचा. आता पडद्यावर आकडा येतो.

धरला, असं ठरलं की किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या: किल्ल्याचा एखादा बुरूज आणि त्याच्या अलीकडचा माड. त्या एकमेकांपासून सरकू लागल्या तर आपण सरकतोय. मोबाइलमध्ये हेच करणारी ॲप आहेत, बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की बोंब मारतात. माझा विश्वास माडावर जास्त आहे, मात्र रात्री माड दिसत नाही, म्हणून दोन्ही.

वर्तुळ हा यातला सगळ्यात अवघड भाग. सम-विषम तारखेच्या पार्किंगच्या पाट्या वाचत वाढलेल्या माणसाला वाटतं, लावली म्हणजे लागली. पण पन्नास मीटर दोर म्हणजे शंभर मीटर व्यासाचं वर्तुळ, आणि त्यातली प्रत्येक जागा रात्रीत कधीतरी आपली. भरती संपून ओहोटी लागली की बोट तोंड फिरवते. खोल पोटाची बोट आधी प्रवाहाचं ऐकते, उथळ होडी आधी वाऱ्याचं, त्यामुळे दोन शेजारी बोटी काही वेळ विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि त्यांची वर्तुळं एकमेकांत घुसतात. इथला शिरस्ता असा, की आधी आलेल्याचा हक्क. नंतर आलेल्याने हलायचं. कागद नाही, पावती नाही, टोइंगची गाडी नाही, तरी तो पाळला जातो. म्हणून नवी बोट शेजारी येऊ लागली की जुन्या बोटीवरची माणसं बाहेर येऊन नुसती उभी राहतात. हातवारे नाहीत. उभं राहणं पुरतं.

रात्री वारा बाजू बदलतो. खारे वारे पडतात आणि जमिनीकडून मतलई सुरू होतात. ज्या डोंगराचा आडोसा बघून दुपारभर हिशेब केला, तो आता उलट बाजूला. वारा खाडीतून, खारफुटीचा नि सुक्या मासळीचा वास घेऊन येतो. डोलकाठीवर सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा लावलेला असतो (दिवसा त्याऐवजी काळा गोळा टांगायचा असतो), आणि कुणीतरी एकजण उठून दर थोड्या वेळाने नाळीशी जाऊन दोर चाचपतो. झोप लागते, पण कुकर लावून डुलकी काढावी तशी, एक कान जागा ठेवून. तिसरा वाद घालायचा थांबलेला असतो, कारण बोलताना साखळी ऐकू येत नाही.

सकाळी निघताना नांगर ओढून काढायचा नसतो, बोटच त्याच्याकडे न्यायची. दोर आत घेत घेत पुढे सरकलं की बोट नांगराच्या बरोबर डोक्यावर येते, साखळी सरळ उभी होते, ती एका खुंट्याला गुंडाळून क्षणभर थांबायचं. पाण्याच्या उचलण्याने तो स्वतःच सुटतो. रात्री जो गुण नको होता, तोच आता कामाला येतो. आणि वर येतो तो एकटा नाही. खाडीचा काळा, चिकट चिखल प्रत्येक कडीत भरलेला असतो आणि नाक धरायला लावणारा त्याचा वास बोटीत तीन दिवस राहू शकतो. म्हणून साखळी हातभर वर घ्यायची, बादलीने धुवायची, पुन्हा हातभर घ्यायची. मित्राला हे काम अजिबात आवडत नाही, त्याचे शर्ट नेहमी पांढरे असतात. मला आवडतं. बोटीवर मला दर वेळी बोलावतात त्याचं कारण बहुधा एवढंच आहे.